एक इंजिन, दोन मेंदू : ६व्ही-९२ बस इंजिनाचं प्रकरण

जुन्या डिझेल बसचा आल्टरनेटर वाटेत मेला तरी मुरलेला ड्रायव्हर फारसा घाबरत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की त्याचं विजेशी देणंघेणं संपतं. दिवे मंदावतील, हॉर्न घोगरा होईल, वायपर अर्ध्यावर थांबेल, पण गाडी डेपोत पोचेल. मधे कुठे इंजिन बंद करायचं नाही, एवढंच पथ्य. नव्या बसमध्ये हेच घडलं की व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरताच इंजिन गप्प बसतं. मग टाकीत शंभर लिटर डिझेल असो की दोनशे.

हा फरक कुठून आला ते समजून घ्यायला आपल्याकडचं उदाहरण फारसं कामाचं नाही. बीएस म्हणजे आपले गाड्यांच्या धुराचे नियम. बीएस-३ वरून बीएस-४ आणि तिथून बीएस-६ वर जाताना पंप, नोजल, टर्बो, सायलेन्सर, वायरिंग आणि खुद्द डिझेल असं सगळं एकाच वेळी बदललं. गाडीत काही वेगळं जाणवलं तर ते नक्की कशामुळे, हे सांगणं अवघड. म्हणून मी अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण घेतो. तिथे एकच बस इंजिन काही वर्षं दोन्ही रूपांत रस्त्यावर होतं. तोच ब्लॉक, तोच क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा), तोच आवाज. एकात इंधनाचा हिशेब लोखंडात कोरलेला, दुसऱ्यात तो एका बंद डब्यात.

ते इंजिन म्हणजे डेट्रॉइट डिझेलचं ६व्ही-९२. कंपनी १९३८ साली जनरल मोटर्सचा विभाग म्हणून सुरू झाली. तिच्या इंजिनांची नावं वाचायला सोपी. पहिला आकडा सिलिंडरांचा, शेवटचा एका सिलिंडरच्या घनइंचांचा. आधी ७१ मालिका आली आणि १९७४ मध्ये ९२. सहा सिलिंडर गुणिले ९२ म्हणजे ५५२ घनइंच, आपल्या हिशेबात नऊ लिटर. नावापुढे टीए लागलं की टर्बो आणि आफ्टरकूलर आहे असं समजायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढची दहाबारा वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या सिटी बसच्या मागच्या पोटात हेच इंजिन असायचं.

ते टू-स्ट्रोक होतं. आपल्याला टू-स्ट्रोक म्हटलं की जुनी स्कूटर आणि तेल मिसळलेलं पेट्रोल आठवतं. हे डिझेल, आणि नऊ लिटरचं. त्याला हवा घेणारे व्हॉल्व्हच नव्हते. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, कमरेला भोकं, आणि ब्लोअर त्यातून हवा आत ढकलायचा. हेडमध्ये फक्त एग्झॉस्टचे व्हॉल्व्ह, सिलिंडरमागे चार. क्रँकच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटायचा, त्यामुळे २१०० आरपीएमला त्याचा आवाज फोर-स्ट्रोकच्या दुप्पट वेगाने धावणाऱ्या इंजिनासारखा किंचाळता लागायचा. लायनरमधली ती भोकं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आता इंधन. आपल्या मेकॅनिकच्या डोळ्यांपुढे डिझेल पंप म्हटलं की इनलाइन पंप येतो : इंजिनाच्या कुशीला बसवलेला लांबट ठोकळा, त्यातून निघालेल्या पोलादी नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला नोजल. मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये बंगळुरात उभी राहिली आणि पुढे आपल्या नाशकातही तिचा कारखाना आला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं. नाशिककर अजूनही मायको सर्कललाच उतरतात आणि गॅरेजात पंप अजूनही ‘मायको पंप’च असतो.

६व्ही-९२ मध्ये असा पंप नव्हता. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात एक युनिट इंजेक्टर, म्हणजे पंप आणि नोजल एकाच डबीत. कॅम रॉकरला उचलायचा, रॉकर इंजेक्टरच्या माथ्यावर दाबायचा, आतला प्लंजर खाली जायचा आणि डिझेल हजार बारच्या पुढच्या दाबाने फवारलं जायचं. लांब नळ्या नाहीत, म्हणून नळीत दाब लटपटण्याचा प्रश्नही नाही. कल्पना उत्तमच होती. पुढे इलेक्ट्रॉनिक्स या इंजिनात इतक्या सहज शिरलं तेही याच रचनेमुळे.

डिझेल किती जायचं आणि कधी जायचं, हे प्लंजरवर तिरक्या कापलेल्या खाचेने ठरायचं. प्लंजर खाली जाताना त्या खाचेच्या कडा आतली भोकं झाकायच्या आणि उघडायच्या. झाकलं की फवारा सुरू, उघडलं की बंद. प्लंजरला थोडं फिरवलं की खाचेची वेगळी बाजू भोकासमोर यायची आणि मात्रा बदलायची. फिरवायचं काम रॅक नावाच्या दातेरी दांडीचं, रॅक हलवायचं काम इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचं, आणि गव्हर्नरच्या पोटात फिरती वजनं आणि स्प्रिंगा. ड्रायव्हरचा पाय आणि गव्हर्नरची वजनं यांच्यातली ओढाताण म्हणजेच इंजिनाचा विचार.

या इंजिनाचं ट्यून-अप म्हणजे चांगल्या मेकॅनिकची परीक्षा असायची. आधी एग्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप. मग इंजेक्टरचं टायमिंग. त्यासाठी एक छोटी गेज असते : खाली पिन, वर आडवी दांडी. पिन इंजेक्टरच्या अंगावरच्या भोकात उभी करायची आणि गेज फिरवायची. दांडीची कड इंजेक्टरच्या फॉलोअरच्या माथ्यावरून जाताना तिथला तेलाचा पातळ थर पुसून गेली पाहिजे. अडकली तर उंची जास्त, तेल तसंच राहिलं तर कमी. ७१ मालिकेतल्या अनेक इंजेक्टरना ही उंची १.४६० इंच. इंचाचा हजारावा भाग इथे बोटाला कळतो. माप म्हणजे पुसला गेलेला तेलाचा थर, दुसरा आकडा कुठे दिसत नाही.

त्यानंतर गव्हर्नरचा गॅप आणि मग सहाही रॅक. व्ही इंजिन असल्याने दोन ओळी, दोन्हीकडचे रॅक एकाच क्षणी एकाच जागी पोचले पाहिजेत. एक ओळ पुढे राहिली तर तिकडचे तीन सिलिंडर ओझं ओढतात आणि उरलेले तीन नुसते सोबत धावतात. हे सगळं जमलं की शेवटी आयडल आणि थ्रॉटल डिले.

थ्रॉटल डिलेचं काम मला फार बोलकं वाटतं. बस स्टॉपवरून निघताना ड्रायव्हर पेडल दाबतो. रॅक लगेच उघडतो, डिझेल लगेच जातं, पण टर्बो अजून आळसावलेला असतो. हवा कमी, इंधन जास्त, म्हणजे काळा धूर. आणि तो नेमका स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर. यावर तेव्हाचा उपाय होता तेलाने भरलेला एक छोटा पिस्टन. बारीक भोकातून तेल हळूहळू बाहेर पडायचं आणि तेवढा वेळ रॅक अडून राहायचा. टर्बोत हवा किती आहे, हे त्या पिस्टनला ठाऊक नव्हतं. तो फक्त वेळ काढायचा. उन्हाळ्यात तेल पातळ झालं की लवकर सोडायचा, थंडीत उशिरा.

यांत्रिक इंधन व्यवस्थेची खरी अडचण इथे आहे. ती ढोबळ होती असं नाही. हजारावा इंच मोजणाऱ्याला ढोबळ कसं म्हणायचं? पण खाच एकदाच कापता येते. थंड इंजिन, गरम इंजिन, समुद्रसपाटीवरचं शहर, मैलभर उंचीवरचं डेन्व्हर, रिकामी बस, दारात लोंबकळणाऱ्यांसह भरलेली बस, या सगळ्यांसाठी एकच तिरकी रेघ. कारखान्यात कोणीतरी मधला मार्ग काढायचा आणि तोच मार्ग इंजिनाचं आयुष्यभर चालायचा.

मग कायदा आला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, जड डिझेल इंजिनांसाठी पुढच्या काही वर्षांच्या मर्यादा जाहीर केल्या. काजळीकणांची मर्यादा ब्रेक अश्वशक्ती-तासाला १९८८ पासून ०.६० ग्रॅम आणि १९९१ पासून ०.२५. ट्रकना ०.१० वर यायला १९९४ पर्यंत सवड होती, पण सिटी बसने १९९१ मध्येच ०.१० गाठावं असं सांगितलं. ती मुदत नंतर १९९३ वर गेली. मग १९९४ साठी ०.०७ आणि १९९६ साठी ०.०५. बसवर ट्रकपेक्षा कडक नियम, कारण बस माणसांच्या गर्दीतच धूर सोडते. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादाही सोबत खाली येत होती, १९९१ साठी ५.० ग्रॅम. डिझेलवाल्याला ठाऊक असतं की ही दोन्ही टोकं एकदम आवळता येत नाहीत. टायमिंग पुढे घेतलं तर काजळी कमी आणि नायट्रोजन ऑक्साइड जास्त, मागे घेतलं तर उलट. एका खाचेने दोन्ही साधणार कसं?

डेट्रॉइट डिझेलचं उत्तर होतं डीडेक, म्हणजे डेट्रॉइट डिझेल इलेक्ट्रॉनिक कंट्रोल. १९८५ मध्ये ते ९२ मालिकेवर बसवून विकायला आणलं.

त्यात काय तसंच राहिलं ते आधी पाहू. कॅम तोच, रॉकर तोच, प्लंजर तसाच खाली जाणार, दाब तसाच तयार होणार. ताकदीचं सगळं काम लोखंडाकडेच राहिलं. गेला तो रॅक, गेली प्लंजरवरची हिशेबी खाच, गेला गव्हर्नर. त्यांच्या जागी इंजेक्टरच्या बाजूला एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, आणि त्याने हलणारी छोटी झडप. प्लंजर खाली जात असताना ही झडप उघडी असेल तर डिझेल गुपचूप परत फिरतं. मिटली की कोंडलं जातं, दाब चढतो, फवारा सुरू. पुन्हा उघडली की फवारा संपला. झडप मिटते तो क्षण म्हणजे टायमिंग, आणि किती वेळ मिटलेली राहते ती मात्रा. आधी या दोन्ही गोष्टी एका खाचेत बांधलेल्या होत्या, आता त्या सुट्या झाल्या. पुढे जे काही बदललं त्याचं मूळ या सुटं होण्यात आहे.

हे काम किती बारीक वेळेचं आहे ते पाहा. २१०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३५ फेऱ्या, आणि टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ३५ फवारे. क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा १२,६००वा भाग. टायमिंग एखाद्या अंशाने सरकवायचं तर झडप त्या मापात मिटली पाहिजे. क्रँक नेमका कुठे आहे हे सांगायला दोन सेन्सर. एक सतत दातांची मोजणी ठेवणारा, दुसरा फेरीची सुरुवात दाखवणारा. झडप प्रत्यक्षात मिटायला किती वेळ लागला हेही कंट्रोलर करंटवरून ओळखायचा आणि पुढच्या फवाऱ्यात तेवढी भर टाकायचा. इंजेक्टर जुना होऊन आळशी झाला तरी हिशेब सांभाळला जायचा.

पहिल्या डीडेकमध्ये दोन डबे होते. विचार करणारा एक, आणि इंजेक्टरला लागणारा मोठा करंट देणारा दुसरा. पुढच्या आवृत्तीत दोन्ही मिळून एकच डबा झाला आणि तो थेट इंजिनावर चढला. इंजिनाच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे तव्यावर ठेवलेला रेडिओ. म्हणून त्याच्या पाठीमागून टाकीतून येणारं डिझेल खेळवलं आणि त्यावर डबा थंड ठेवला. डिझेल आधी डोकं गार करणार आणि मग इंजिनात जळणार.

डीडेक-२ आलं १९८७ मध्ये, मालिका ६० या नव्या फोर-स्ट्रोक इंजिनासोबत. त्या इंजिनाला यांत्रिक रूप दिलंच नव्हतं, ते इलेक्ट्रॉनिकच जन्मलं. पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीला रॉजर पेन्स्के यांनी डेट्रॉइट डिझेलची सूत्रं हाती घेतली आणि कंपनीची सगळी मदार या दिशेवर ठेवली. पण बसमध्ये त्या काळात ६व्ही-९२च होतं, काही यांत्रिक, काही डीडेक, अनेक ठिकाणी एकाच गॅरेजात शेजारी शेजारी.

बससाठी एक फायदा लगेच दिसला. इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे, मधे चाळीस फूट. यांत्रिक बसमध्ये पेडलची हालचाल मागे पोचवायला लांब केबल किंवा हवेच्या दाबावर चालणारा थ्रॉटल लागायचा. हवा गळली की गाडी रेस धरत नाही, केबल अडली की रेस सोडत नाही. आता पेडलखाली एक पोटेन्शिओमीटर आणि मागे जाणाऱ्या तारा. टर्बोची हवा मोजायला सेन्सर असल्याने थ्रॉटल डिलेचा तो तेलाचा पिस्टन निवृत्त झाला. हवा असेल तेवढंच डिझेल. स्टॉपवरचा काळा भपका कमी झाला तो मुख्यतः या एका गोष्टीने.

गॅरेजातलं चित्र मात्र पुरतं पालटलं. डॅशबोर्डवर दोन दिवे आले, पिवळा ‘चेक इंजिन’ आणि लाल ‘स्टॉप इंजिन’. बटण दाबलं की दिवा मिचकावून कोड सांगायचा. दोन वेळा, थोडं थांबून पाच वेळा म्हणजे २५. ४३ म्हणजे कूलंट कमी, ४४ म्हणजे इंजिन तापलं, ४५ म्हणजे ऑइलचा दाब कमी, ४६ म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज कमी. आणि २५? २५ म्हणजे काहीच बिघाड नोंदलेला नाही. मला हा कोड फार आवडतो. ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ हेही दिव्याने मिचकावून सांगायचं. नीट निदान करायला हातात धरायचा रीडर होता, आपल्याकडे ज्याला आता सरसकट ‘स्कॅनर’ म्हणतात त्याचा पूर्वज.

लाल दिवा लागला की मात्र इंजिन स्वतः निर्णय घ्यायचं. तशी सेटिंग असेल तर ताकद कमी होत जायची आणि तीस सेकंदांत इंजिन बंद. ड्रायव्हरला एक ओव्हरराइड बटण दिलेलं असायचं, दाबलं की आणखी तीस सेकंद. एवढ्यात चौकातून किंवा रेल्वे फाटकातून बस बाजूला घ्यायची. जुन्या बसमध्ये ऑइलचा दाब गेला तर ड्रायव्हरच्या डोळ्यांवर आणि कानांवर भिस्त. त्याने दुर्लक्ष केलं तर इंजिन जॅम होईपर्यंत चालत राहायचं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर नवी पद्धत सरळ फायद्याची. तीस सेकंदांचा हिशेब मांडत भर रहदारीत बसलेल्या ड्रायव्हरला कदाचित तसं वाटलं नसेल.

मेकॅनिकचं काय? बोटाला हजारावा इंच कळणाऱ्या माणसाला आता मल्टिमीटर धरावा लागला. इंजेक्टरची उंची डीडेकलाही गेजने लावावी लागतेच, पण रॅक जुळवण्याचं आणि गव्हर्नर बसवण्याचं कसब एका झटक्यात निरुपयोगी झालं. बिघाडांची जागाही सरकली. हेडच्या आत शोधायच्या गोष्टी आता कपलरमध्ये, अर्थिंगच्या बोल्टखाली आणि इंजिनाच्या थरथरीने घासलेल्या तारेत सापडू लागल्या. पेडलच्या सेन्सरची तार सैल झाली की कंट्रोलर पेडलवर विश्वासच ठेवत नाही आणि इंजिन आयडलवर बसवून ठेवतो. ‘पंप गेला’ असं म्हणायची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे बीएस-६ गाड्या आल्यावर हेच झालं. पंप खोलायला निघालेले हात आधी फ्यूज आणि कपलर तपासायला शिकले.

वीज गेली तर इंजिन बंद, हा सुरुवातीचा मुद्दा इथे पुन्हा येतो. त्याला मी नुसतं वैगुण्य म्हणणार नाही. यांत्रिक इंजिन बिघडलं तर कोणत्या बाजूला बिघडतं ते पाहा. रॅक उघड्या स्थितीत अडकला तर पूर्ण डिझेल चालूच. इंजिन स्वतःच वेग वाढवत सुटतं, किल्ली फिरवून काही होत नाही. म्हणून या इंजिनांच्या हवेच्या वाटेवर तातडीची झडप असायची. हवाच कोंडायची, म्हणजे इंजिन गुदमरून थांबतं. सोलेनॉइडच्या इंजेक्टरला करंट मिळाला नाही तर झडप उघडी राहते आणि डिझेल फवारलंच जात नाही. एकाची चूक पळून जाण्याची, दुसऱ्याची जागीच बसण्याची. भर गर्दीच्या रस्त्यावर मला दुसरी चूक पत्करेल, घाटात रात्री दोन वाजता कदाचित पहिली.

पण ती हवेची झडप डीडेक आल्यावरही निरुपयोगी झाली नाही. ब्लोअरचं सील गळून इंजिनऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेलं तर हे इंजिन त्या तेलावरच धावू शकतं. त्या तेलावर कोणत्याही कंट्रोलरची हुकूमत नाही.

आणि तेलच या इंजिनाच्या मुळावर आलं. लायनरमधली भोकं आठवा. पिस्टनच्या रिंगा दर फेरीला त्यांच्यावरून घसरतात, तेलाचा काही अंश भोकांच्या कडेला राहतो, हवेबरोबर आत जातो आणि अर्धवट जळून बाहेर पडतो. ईपीएच्या फिल्टर कागदावर तोही काजळीकण म्हणूनच मोजला जातो. डीडेकने डिझेलची काजळी खाली आणली. तेलाच्या काजळीचं काय करायचं, हा प्रश्न संगणकाच्या हद्दीबाहेरचा होता. मर्यादा ०.६० असताना तेलाचा वाटा मुरून जायचा, ती ०.१० च्या खाली गेल्यावर तोच डोळ्यात भरू लागला. इलेक्ट्रॉनिक्सने हे इंजिन वाचवलं असं बऱ्याचदा म्हटलं जातं. माझ्या मते त्याने इंजिनाला काही वर्षांची मुदतवाढ दिली, एवढंच.

त्या वर्षांत एक धाडसी प्रयोगही झाला. याच ६व्ही-९२ चं मिथेनॉलवर चालणारं रूप १९९१ मध्ये प्रमाणित झालं आणि लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाहतुकीने तशा तीनशेहून अधिक बस घेतल्या. डिझेलच्या निम्म्याहून कमी ऊर्जा असलेलं आणि दाबाने सहज न पेटणारं इंधन अशा इंजिनात चालवणं डीडेकसारख्या नियंत्रणाशिवाय जमलंच नसतं. संगणकाने फवाऱ्याचा हिशेब सांभाळला, पण मिथेनॉलने झिजवलेलं इंजिन त्याला सांभाळता आलं नाही. इंजिनं इतक्या वेळा खोलावी लागली की १९९५ च्या सुमाराला त्या बस इथेनॉलवर नेल्या आणि शेवटी डिझेलवर आणल्या.

टायमिंग सुटं झाल्याची दुसरी बाजू १९९८ मध्ये उघडी पडली. अमेरिकी सरकारने डेट्रॉइट डिझेलसह सात जड डिझेल इंजिन कंपन्यांवर आरोप ठेवला : सरकारी चाचणीत इंजिन नियमात बसतं, पण हायवेवर एका वेगाने धावू लागलं की सॉफ्टवेअर टायमिंग बदलतं, डिझेल वाचतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतं. त्या ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली, दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर. रोख मुख्यतः ट्रक इंजिनांवर होता, सिटी बसला एका वेगाने धावायला मिळतं कुठे? पण यांत्रिक इंजिनाला हे जमलंच नसतं. पोलादात कापलेली खाच चाचणीत आणि रस्त्यावर सारखीच असते.

आधीच धावत असलेल्या हजारो यांत्रिक बसचं काय करायचं, हा प्रश्न होताच. ईपीएने १९९३ मध्ये त्यासाठी वेगळा नियम काढला. मोठ्या महानगरांतल्या, १९९३ किंवा त्याआधीच्या सिटी बसचं इंजिन १९९५ पासून जेव्हा कधी ओव्हरहॉलला उघडलं जाईल, तेव्हा त्यात कमी धुराचं किट बसवायचं. ६व्ही-९२ च्या यांत्रिक रूपासाठी डेट्रॉइट डिझेलचं किट १९९५ मध्ये मंजूर झालं, काजळीत किमान २५ टक्के घट दाखवणारं. त्यात होतं काय? नवे इंजेक्टर, कॅम, ब्लोअर, टर्बो, पिस्टन आणि लायनर. तार एकही नाही. रॅक होता तिथेच, गव्हर्नरही. इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर दहा वर्षांनीही यांत्रिक इंजिन कागदोपत्री सुधारत होतं, आणि गॅरेजातल्या जुन्या माणसाची ती पिनवाली गेज कपाटाबाहेर राहिली.

आपल्याकडेही अशी मधली पायरी आली होती. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याआधी तीनच दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांच्या विक्रीला आणि नोंदणीला त्या तारखेपासून बंदी घातली. जड डिझेल गाड्यांसाठी काजळीकणांची मर्यादा किलोवॉट-तासाला ०.१० ग्रॅमवरून ०.०२ वर उतरली. बहुतेकांनी कॉमन रेल धरलं, म्हणजे दीड-दोन हजार बार दाबाने भरलेली एक सामाईक नळी आणि प्रत्येक इंजेक्टरला सोलेनॉइड. अशोक लेलँडने मात्र आयईजीआर नावाने इनलाइन पंप न सोडता बीएस-४ गाठण्याची वाट काढली. दुरुस्ती ओळखीची, तालुक्याच्या गावातही होणारी. तीनच वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ आलं. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३.५ वरून ०.४ वर गेली आणि ती वाटही बंद झाली. अमेरिकी बसला जो प्रवास करायला पंधराएक वर्षं मिळाली, तो आपल्या मेकॅनिकने तीन वर्षांत केला, आणि वर युरियाच्या टाकीची भानगडही सांभाळली.

६व्ही-९२ ची जागा अमेरिकी बसमध्ये १९९३ पासून मालिका ५० ने घेतली. मालिका ६० च्या सहा सिलिंडरांतले दोन कमी करून बनवलेलं, चार सिलिंडरांचं, साडेआठ लिटरचं फोर-स्ट्रोक. लायनरला भोकं नाहीत, त्यामुळे तेलाचा प्रश्न मिटला. डीडेक जन्मापासून. धुराच्या मर्यादेत बसणारं, डिझेल कमी पिणारं. फक्त एवढ्या मोठ्या चार सिलिंडरांची थरथर जबरदस्त. आयडलवर उभ्या बसच्या खिडक्या वाजायच्या, सीटच्या दांड्या हातात झिणझिणायच्या. ही थरथर मोजणारा सेन्सर त्या डब्याला जोडलेला नव्हता. ड्रायव्हरने तक्रार लिहिली आणि मेकॅनिकने बटण दाबलं तर दिवा शांतपणे मिचकावून सांगायचा : दोन, आणि मग पाच.